मांजरपाटाची धडं

॥ श्रीराघवेंद्र प्रसन्न ॥

बसवनगुडी, बंगलोर
ता. १२ जून १९५८

ती. गं. भा. वन्संस,

अहल्येचा शि. सा. न. वि. वि. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं मात्र खरं खरं कळवावं.

तुमचं पत्र पोचलं आणि सोबतचा कुंदाही. कुंदा तुमच्या भावांनीच जवळजवळ संपवला, आणि वर मलाच विचारलं की अक्काने या वेळी इतका कमी कसा पाठवला.

प्रतिमेचं विचारलंत. प्लास्टर काढून वर्ष होत आलं. परवा पुन्हा दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले की कण्याचा क्षय पूर्ण बरा झाला आहे, तिच्यापासून आता कोणाला काही लागण्याची भीती नाही, शाळेत घाला. पाठीला बाक राहिला आहे आणि डावा खांदा उजव्याहून वर. तो तसाच राहणार, हेही त्यांनी तिच्यासमोर सांगितलं. पण पोरगी घराबाहेर पडेल तर शाळेचं बघायचं. पंधरावं लागलं, आणि अंगात बाराही महिने यांचा जुना सदरा. मागच्या महिन्यात पोलक्यांचं माप घ्यायला शिंप्याला घरी बोलावलं. त्याने टेप लावली, गुंडाळून खिशात ठेवली आणि तिच्या डोक्यावरून मला कन्नडात सांगितलं की स्वल्प सैलच शिवू या, सगळं झाकून जाईल.  तेव्हापासून ती टेप घेऊन कोणाला जवळ येऊ देत नाही.

हात मात्र रिकामे नसतात. आजारपणात यांनी आणून दिलेल्या कचकड्याच्या बाहुलीसाठी तिने काय काय शिवलं आहे म्हणून सांगू. परकर-पोलकी, कुंच्या, एक नऊवारी, एक बाराबंदीसुद्धा. शेजारच्या सकवारबाई इथल्या महिला समाजाच्या अध्यक्षा आहेत. त्यांनी ते पाहिलं आणि दसऱ्याच्या प्रदर्शनात मांडायला मागितलं. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्या करून बाहुल्या मांडतात, तशा समाजातही मांडतात. आता पंचाईत अशी की कपडे ढीगभर आणि बाहुली एक. बाजारातल्या लाकडी बाहुल्यांचे कपडे अंगावरच कोरलेले नि रंगवलेले असतात. प्रतिमा म्हणते, खिळ्याला टांगले तर पोतेऱ्यासारखे दिसतील. शिंप्याच्या दुकानात बिनडोक्याचं धड असतं, तसं बाहुलीच्या मापाचं कापडाचं शिवता येईल का, असं विचारते. तुम्ही इतकी वर्षं मुलींना शिवण शिकवता. तिला दोन ओळी लिहाव्यात. माझ्याशी ती हल्ली कामापुरतंच बोलते.

मायेत उणं पडू देऊ नये, ही विनंती.

आपली
अहल्या

*

बेळगाव
ता. २१ जून १९५८

चि. प्रतिमेस,

आत्याचे अ. उ. आ. आधी तुझ्या आईला निरोप दे की माझ्या नावामागे ते गं. भा. लावणं आता पुरे. नुसतं ती. चालेल. मी विधवा आहे हे मला ठाऊक आहे, पोस्टमनला कळायची गरज नाही.

आता तुझं धड. सोपं आहे असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. बाहुलीला जुन्या धोतराचं मऊ कापड मानेपासून कमरेखालपर्यंत घट्ट गुंडाळ आणि टाचण्यांनी अंगाबरोबर बसव. मग पेन्सिलीने खुणा कर. समोरचा मध्य, पाठीचा मध्य, दोन्ही बगला, कंबर. त्या रेघांवरून कापून तुकडे सपाट पसर. जो तुकडा सपाट पडायला तयार होणार नाही, त्याला तिथे चीर दे. शिवताना तिथेच टक येतो. शिलाईपुरती जागा सोडून तेच तुकडे मांजरपाटातून काप आणि बारीक उलटी टीप घाल. आत कापूस नको, तो दबतो. सुताराकडचा भुसा चाळून, उन्हात वाळवून, चिमूट चिमूट भर आणि पळीच्या दांड्याने ठास. मानेला आणि खाली पुठ्ठ्याची चकती. मधून एक दांडी, तिला बूड म्हणून लहानसा पाट. हात नकोत, पाय नकोत, डोकं तर मुळीच नको. डोकं असलेल्यांनी जगात पुरेसा घोळ घालून ठेवला आहे.

पहिलं बिघडेल. ते फेकून देऊ नकोस, काय बिघडलं ते मला लिही. माझ्या वर्गातल्या मुली बिघडलेलं लपवतात आणि मग तेच पुन्हा बिघडवतात.

अण्णाला सांग, पुढचा कुंदा तुझ्या नावाने येईल. माया आहेच, ती दर पत्रात लिहून दाखवायला लावू नकोस.

विमलाआत्या

*

बसवनगुडी, बंगलोर
ता. ९ जुलै १९५८

ती. आत्यास,

प्रतिमेचा शि. सा. न. वि. वि.

पहिलं धड बिघडलं. तुम्ही लिही म्हणालात म्हणून लिहिते. भुसा भरला तसं ते एका अंगाला पिळलं आणि पोट पुढे आलं. अण्णांनी त्याला त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांचं नाव ठेवलं. अम्मा म्हणाली की असं कोणाचं नाव ठेवू नये, पण तीही तोंडाला पदर लावून हसत होती. मग दुसरं केलं. त्याचं पोट बरं आहे, पण तेही पिळलं.

कापड घरातलंच होतं, उशीच्या जुन्या अभ्र्यांचं. भुसा पिराजी सुताराकडून अम्माने आणला. दांडी आणि पाटही त्यानेच दिला, पण पाटाचं भोक मोठं झालं आहे, त्यामुळे धड डुलतं. अम्मा मला त्याच्याकडे चल म्हणत होती. मी गेले नाही. हे तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण अम्मा कळवल्याशिवाय राहणार नाही.

मापं मी पुन्हा पुन्हा घेऊन पाहिली, ती बरोबर आहेत. मग पिळतं का? दोन्ही धडं समोर ठेवली आहेत आणि मला त्यांचा राग येतो. मला हे नीट यायलाच हवं. दसऱ्याला वेळ आहे.

उत्तर लवकर धाडावं. तुमच्या आशीर्वादावर माझा हक्क आहे, असं समजते.

आपली
प्रतिमा

*

बेळगाव
ता. १७ जुलै १९५८

चि. प्रतिमेस अ. उ. आ.

मापं बरोबर असून पिळतं, म्हणजे कापड तिरकं कापलं गेलं. कापडाच्या कडेचा एक उभा दोरा हळूच ओढून काढ. तो जिथून निघाला ती खरी सरळ रेघ. धडाच्या मध्याची रेघ तिच्यावर बसव. अभ्र्याचं कापड वर्षानुवर्षं ताणलेलं असतं, ते नको. नवं कोरं आण, भिजवून वाळव, मग काप. भरताना एक बाजू संपवून दुसरी घेऊ नकोस, चहूकडून थोडं थोडं भर. पोट भुशाने येतं. साहेबांचं कशाने आलं ते अण्णाला विचार.

भोकाचं माप तुझ्या धडाला ठाऊक आहे, तुझ्या आईला नाही. धड घेऊन पिराजीकडे तूच जा. कापडही तूच निवड. दोरा सरळ निघतो की नाही ते बोटांना कळतं, ते निरोपावर सांगता येत नाही.

तुझे काका गेले तेव्हा मी वर्षभर आतल्या खोलीत बसून होते. लोकांना वाटायचं, शोक करते. शोक होताच, पण खरं म्हणजे दाराबाहेर कशासाठी जायचं तेच मला सुचत नव्हतं. शेवटी एक दिवस शिवता शिवता दोऱ्याचं रीळ संपलं आणि आणून द्यायला घरात कोणी नव्हतं, म्हणून उठले आणि गेले. लोकांनी बघितलं. रीळ मिळालं. मी काही शूर नव्हते. तूही शूर होऊ नकोस. कापड आणायला जा.

गेलीस की पत्र लिही. तोवर मी रुसले आहे असं समज. रुसले तरी तुझीच,

विमलाआत्या

*

बसवनगुडी, बंगलोर
ता. ३० ऑगस्ट १९५८

ती. वन्संस,

अहल्येचा शि. सा. न. वि. वि. तुमच्या आज्ञेप्रमाणे ती दोन अक्षरं गाळली. लिहिताना हात जरा अडखळला.

तुमच्या मागच्या पत्राचा मला राग आला होता. ते वाचून प्रतिमा दोन दिवस जेवणापुरती उठली. मला वाटलं, वन्संना काय, त्या तिकडे बसून हुकूम सोडतात, इथे तोंड मला बघायचं असतं. मग एका सकाळी तीच म्हणाली की चिकपेटेला जाऊ या, दुकानं उघडतात तेव्हा गर्दी नसते. चिकपेटेत गर्दी नाही असं कधी होतं? सदऱ्यावर शाल ओढून ती माझ्या मागे मागे चालत होती. एका दुकानात एका बाईने वळून पाहिलं आणि तिच्या कडेवरच्या मुलाने बोट दाखवलं. मी मध्ये उभी राहायला गेले, तर हिने मला कोपराने बाजूला सारलं आणि दुकानदाराला ठाण उलगडायला लावलं. दोरा ओढून पाहिला, नको म्हणाली. दुसरं ठाणही नको. दुकानदार मला म्हणाला की अम्मा, मांजरपाटासाठी कोणी इतकं बघत नाही. शेवटी पलीकडच्या दुकानात मनासारखं कापड मिळालं. तोपर्यंत शाल माझ्या हातात आली होती; तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

पिराजीकडेही स्वतःच गेली. आता फडताळावर धडं रांगेत उभी आहेत, ताठ, न डुलणारी. हे येता-जाता त्यांना गुड मॉर्निंग म्हणतात.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. मंगळवारी दुपारी तिने मला मधल्या खोलीत बोलावलं, दाराला कडी घातली, सदरा उतरवला आणि जुन्या धोतराचं कापड माझ्या हातात दिलं. म्हणाली, बाहुलीला गुंडाळतात तसं मला गुंडाळ. वन्सं, प्लास्टर निघाल्यापासून तिने मला पाठ दाखवली नव्हती. न्हायचीसुद्धा एकटी. मी टाचण्या लावत होते आणि डोळे थांबेनात. ती पाठमोरी होती तरी तिला कळलं. म्हणाली की अम्मा, रडायचं असेल तर आधी रडून घे, मग खुणा कर. ओल्या कापडावर पेन्सिल उमटत नाही. मग मी आधी रडून घेतलं.

ते कापड कापून जमिनीवर पसरलं, तर डावे तुकडे आणि उजवे तुकडे एकमेकांसारखे नाहीत. त्यांच्यावर तिने चौकटी आखल्या, कागदावर लहान चौकटी आखल्या, आणि भरतकामाची नक्षी लहान करतात तसा एकेक तुकडा उतरवून घेतला. त्या मापाचं धड शिवते आहे. उंची बाहुलीएवढी, पण आकार तिचा. हे प्रदर्शनात ठेवणार का विचारलं, तर म्हणाली की आधी शिवून होऊ दे. मला धास्ती वाटते. लोक काय बोलतील आणि ती पुन्हा आत जाऊन बसेल. तिला अडवू का? तुम्ही सांगाल तसं करीन.

धीराचे दोन शब्द धाडावेत. लोभ तर तुमचा आहेच.

आपली
अहल्या

*

(कार्ड)

बेळगाव, ता. ४ सप्टेंबर १९५८

चि. सौ. अहल्येस अ. उ. आ. अडवू नकोस. पावसाळा आहे, भुसा नीट वाळलाय ना तेवढं बघ.

विमला

*

बसवनगुडी, बंगलोर
ता. २६ ऑक्टोबर १९५८

ती. आत्यास,

प्रतिमेचा शि. सा. न. वि. वि. दसऱ्याचं सोनं म्हणून आपट्याचं पान पाकिटात घातलं आहे, तुटलं असलं तरी घ्यावं.

प्रदर्शन झालं. सगळं क्रमाने लिहिते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी अण्णा आणि मी टोपलीत धडं घेऊन महिला समाजात गेलो. सकवारबाईंनी हौसेने एकेक उचलून मांडलं. माझ्या मापाचं हातात आलं तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवलं. रागाने नाही. म्हणाल्या की हे एक बिघडलेलं दिसतं, सणासुदीला लोक बघायला येतात, आपल्या मुलींना शिवता येत नाही असं वाटायला नको. मी म्हणाले की ते बिघडलेलं नाही, ते माझं माप आहे. त्या म्हणाल्या की बरं, मागच्या पायरीवर ठेवू, नऊवारीच्या आड. मी म्हणाले, मग सगळीच परत नेते. आत्या, मला वाटलं अण्णा मध्ये पडून समजूत घालतील. अण्णांनी टोपली उचलली आणि माझ्यापुढे धरली. 

तेव्हा सकवारबाई म्हणाल्या की ठेव मग पुढे, पण कोणी विचारलं तर उत्तर तू द्यायचंस, मी देणार नाही. त्यांना वाटलं असणार की मी घाबरेन. घाबरले होतेच, पण हो म्हणून बसले होते. त्यामुळे रोज संध्याकाळी तिथे उभं राहणं आलं.

त्या धडावर हिरवं खणाचं पोलकं घातलं होतं. ते कुठेही ओढलेलं नव्हतं, वर चढलेलं नव्हतं. तरी पहिल्या दिवशी एका बाईंना वाटलं की कोणाचा तरी धक्का लागला. त्यांनी ते पिळून सरळ करायला घेतलं. मी पुन्हा होतं तसं ठेवलं. काही पोरं हसली. एक म्हातारे गृहस्थ हळहळले आणि आमच्या घरात आणखी कोणाला असं आहे का, ते विचारून गेले. मी नाही म्हणाले आणि त्यांना कुंची दाखवली.

मग अष्टमीला माझ्या जुन्या वर्गातल्या दोघी आल्या. आजारी पडल्यावर भेटलेल्या नव्हत्या, त्यांच्या घरून पाठवत नव्हते. त्यांनी धडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात एकीने विचारलं की खांदा वर असून पोलक्याचा गळा तिरका कसा पडत नाही. ते तर मला सांगता येत होतं. मी म्हणाले, शिंपी कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतो, म्हणून तिरकं जातं. दुमडायचंच नाही. डावी बाजू वेगळी कापायची, उजवी वेगळी, आणि डाव्या पाठीत टक लांब घालायचा. तिला टक कुठे ते समजेना, तर मी वळले आणि माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवलं, इथून सुरू होतो आणि इथे संपतो. त्या दिवशी अंगात सदरा नव्हता, त्याच मापाने मोठं कापलेलं माझं पोलकं होतं. त्या दोघी वाकून शिलाई बघत होत्या आणि मी सांगत होते. घरी आल्यावर लक्षात आलं की मी काय केलं, तेव्हा उंबऱ्यावरच बसले. अम्माने गरम दूध दिलं. 

बक्षीस एका रांगोळीला मिळालं. ती खरंच चांगली होती.

पहिलं बिघडलेलं धड अण्णांनी ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवलं आहे. साहेबांनी कौतुक केलं म्हणतात.

तुमचा हात पाठीवर असावा. आता बाकासकट.

आपली
प्रतिमा

*

बेळगाव
ता. ३ नोव्हेंबर १९५८

चि. प्रतिमेस अ. उ. आ.

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढचा तास मी मुलींना नुसतं काजं करायला लावलं, कारण मला फळ्यावर काही लिहिणं जमेना. इतकी वर्षं मी कापड दुमडून कापायलाच शिकवत आले. पुढच्या महिन्यापासून न दुमडताही शिकवणार आहे.

आता माझं ऐक. तू इकडे ये. आमच्या शाळेत तुला घ्यायला मोठ्या बाई तयार आहेत, मी विचारून ठेवलं. मला दोन खोल्या आहेत आणि मी एकटी. तिथे प्रत्येक जण तुला आजाराच्या आधीपासून ओळखतो. पूर्वी कशी होती आणि आता कशी, हेच त्यांच्या डोळ्यांत असणार. इथे तुला कोणी ओळखत नाही. जशी येशील तशीच तू, आधीचं कोणी विचारणार नाही. शिवणाची परीक्षाही इथून देता येईल. अहल्येला आणि अण्णाला मी वेगळं लिहीत नाही, आधी तुझं मन कळू दे.

संध्याकाळी घर फार मोठं वाटतं, हेही एक कारण आहे. लपवत नाही.

वाट बघते.

विमलाआत्या

*

बसवनगुडी, बंगलोर
ता. ७ डिसेंबर १९५८

ती. आत्यास,

प्रतिमेचा शि. सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहायचं होतं ते आधी करून बघायचं होतं.

मी येत नाही. रागावू नये. तुमचं पत्र मी अम्माला आणि अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले की तुला जावंसं वाटलं तर मी स्वतः पोचवीन. अम्मा चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती म्हणाली की वन्संनी मनापासून लिहिलं आहे. दोघांनीही जा म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. मग मी रात्रभर विचार केला. तिथे मला कोणी ओळखत नाही हे खरं. पण म्हणूनच तिथे सगळ्यांना मला पहिल्यापासून बघावं लागेल. इथल्यांचं निदान अर्धं बघून झालं आहे. इथल्या रस्त्यांवरून मी पूर्वी पळत जात असे. ते सोडून आले तर पुढे बंगलोरला येताना दर वेळी शाल लागेल.

तर मी आमच्याच शाळेत गेले. मोठ्या बाई आधी तयार नव्हत्या. काही पालक घाबरतील, म्हणाल्या. अण्णांनी डॉक्टरांनाच शाळेत आणलं. डॉक्टर बाईंना म्हणाले की हिच्यापासून भीती काहीच नाही, आणि मी हे ज्याला ऐकायचं असेल त्याला येऊन सांगेन. मग बाई म्हणाल्या की दाराजवळ वेगळी खुर्ची ठेवू, म्हणजे तिला आराम पडेल. मी म्हणाले, मला बाक चालेल. अण्णांना तेव्हा हसू आलं आणि बाईंना कळेना की यात हसण्यासारखं काय आहे. मलाही उशिराच कळलं.

वर्गातल्या मुली माझ्याहून बऱ्याच लहान आहेत. मी दुसऱ्या बाकावर बसते, त्यामुळे मागच्या सगळ्यांना दिवसभर माझी पाठ दिसते. शेवटच्या बाकावर बसले असते तर दिसली नसती, पण तिथून फळा दिसत नाही. पहिले काही दिवस मागून कुजबुज ऐकू यायची. मान गरम व्हायची, पण मी वळले नाही. मग गणिताची चाचणी आली, आणि माझ्या पाठीकडे बघायला कोणाला सवड राहिली नाही. मलाही नाही. गुण किती पडले ते विचारू नये.

मे महिन्याच्या सुट्टीत मी एकटी गाडीने येईन आणि शाळा उघडेपर्यंत राहीन. संध्याकाळी घर लहान करून टाकू. तुमच्या मुलींना न दुमडता कापायचं कसं ते मी दाखवीन, पण एका अटीवर की तुम्ही वर्गात बसून बघायचं आणि मध्ये बोलायचं नाही.

अम्मा शिरसाष्टांग नमस्कार सांगते. अण्णा कुंद्याची आठवण करून देतात. माझ्यावरचा लोभ तुम्ही नकार ऐकूनही कमी केला नसेल, असं धरून चालते.

आपली
प्रतिमा